ऑक्सिजनचे झटके सोसणारे हाल्डेन

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून आलेली मंडळी पाठीवर ऑक्सिजनचे सिलिंडर बांधून समुद्रात उतरल्याचे सांगतात. बातम्यांतही तसेच छापून येते. प्रत्यक्षात त्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कोणी २० मीटर खोल गेले, तर त्याला पाण्यातच फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. कोरोनाच्या काळात ज्या वायूसाठी नातेवाइकांनी रात्री जागवल्या, तोच वायू दाबाखाली विषासारखा वागतो. हे स्वतःच्या अंगावर तपासून पाहणाऱ्यांत एक नाव ठळक आहे, जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन. जन्माने ब्रिटिश, मरताना भारतीय नागरिक.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे मोठे अभ्यासक. खाणीतल्या, गटारातल्या, कारखान्यांतल्या हवेने माणसे का मरतात, हा त्यांचा विषय, आणि प्रयोगासाठी पहिले शरीर स्वतःचे. दुसरे, बरेचदा, मुलाचे. एकदा त्यांनी लहानग्या जॉनला कोळशाच्या खाणीत नेले आणि उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला सांगितले. थोड्याच वेळात मुलाचे पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगत मात्र त्याला नीट श्वास घेता आला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो छताशी साठतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही. (वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या गावात गाळ काढायला जुन्या विहिरीत उतरणाऱ्याने याच्या उलट लक्षात ठेवायचे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो. तिथे खाली पडलेला माणूस सावरत नाही. त्याला काढायला मागोमाग उतरणाराही वर येत नाही. अशा वेळी दोर आणि श्वसनयंत्र असलेली माणसे बोलवावीत, स्वतः उडी मारू नये.)

१९०६ मध्ये वडील ब्रिटिश नौदलासाठी पाणबुड्यांवर काम करत होते. खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. पाणबुड्या झपाट्याने वर आला, की सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे, मज्जारज्जू, कधी मेंदूही जायबंदी होतो. टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याचे वेळापत्रक थोरल्या हाल्डेन यांनी बकऱ्यांवर आणि माणसांवर प्रयोग करून बसवले. ते १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. या कामादरम्यान १३ वर्षांच्या मुलालाही स्कॉटलंडच्या समुद्रात उतरवले गेले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा, मनगटाशी सैल. आत पाणी शिरत छातीपर्यंत आले तरी पोराने धीर सोडला नाही. आज असा प्रयोग कुठल्याही नीतिमत्ता समितीपुढे टिकणार नाही, आणि ते योग्यच आहे.

पुढची वर्षे भरगच्च होती. पहिल्या महायुद्धात ते सैनिक होते. १९१५ मध्ये जर्मनांनी क्लोरीन वायू सोडल्यावर बापलेकांनी बंद खोलीत तो हुंगून मुखवट्यांची परीक्षा घेतली. मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर उपचारासाठी त्यांना भारतात पाठवले गेले, तो या देशाशी पहिला परिचय. नंतर जनुकशास्त्रात त्यांनी केलेल्या गणिती कामामुळे ते जगभर ओळखले गेले. पण डॉक्टरांच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोलाचा काळ १९३९ पासूनचा.

त्या वर्षी १ जूनला थेटिस ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली. आत १०३ माणसे होती, चारच वाचली. ती चौघे बाहेर पडली ती डेव्हिस यांच्या सुटकायंत्रामुळे. छातीवर बांधायची रबरी पिशवी, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे रसायन आणि पिशवीच्या तळाशी ऑक्सिजनचे छोटे सिलिंडर. बाकीचे लोक यंत्रे जवळ असताना का निसटू शकले नाहीत, हे शोधायला कामगार संघटनांनी हाल्डेन यांना नेमले. त्यांनी चार साथीदारांसह स्वतःला पोलादी कोठडीत कोंडून घेतले आणि हवा हळूहळू दूषित होऊ दिली. डोके ठणकले, उलट्या झाल्या, साधी कामेही जमेनाशी झाली. पाणबुडीत नेहमीच्या दुप्पट माणसे होती. सुटकेचा निर्णय व्हायच्या आधीच कार्बन डायऑक्साइडने त्यांची बुद्धी आणि हातपाय बधिर केले होते.

मग नौदलाने त्यांना दुसरा प्रश्न दिला. दाबाखाली माणूस शुद्ध ऑक्सिजन किती वेळ घेऊ शकतो? हाल्डेन, त्यांच्या सहकारी आणि पुढे पत्नी झालेल्या हेलन स्परवे आणि इतर स्वयंसेवक पाळीपाळीने दाबकोठडीत बसले. एरवी बेचव असलेल्या ऑक्सिजनला दाबाखाली चव येते, असे त्यांना आढळले. ओठ थरथरू लागत आणि पुढच्या क्षणी सर्वांग आकडीने ताठ होई. अशाच एका झटक्यात हाल्डेन यांच्या पाठीचे मणके चेपले. ते दुखणे कायम राहिले. कानाचे पडदे तर आधीच फाटलेले होते, आणि त्या भोकातून तंबाखूचा धूर काढून दाखवण्यात त्यांना गंमत वाटे.

हिशेब असा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. सहा मीटरवर एकूण दाब १.६, म्हणजे शुद्ध ऑक्सिजनचा दाबही तेवढाच. विश्रांतीच्या टप्प्यावर हीच कमाल मर्यादा आजही मानली जाते. त्याखाली आकडीचा धोका वाढत जातो, आणि पाण्यात आकडी आली की तोंडातली नळी सुटते व माणूस बुडतो. मग शुद्ध ऑक्सिजन न्यायचाच कशाला? शेवटच्या थांब्यावर तो घेतला, की अंगातला नायट्रोजन लवकर बाहेर पडतो.

म्हणून आजचा टेक्निकल डायव्हर पाठीवर मोठी सिलिंडरे आणि डाव्या कुशीला छोटी घेऊन उतरतो. छोटे सिलिंडर बहुधा ॲल्युमिनियमचे, कारण रिकामे होत आले की ते पाण्यात जवळजवळ वजनरहित होते. गळ्याशी एक आणि खाली पोटाला आवळलेल्या पट्ट्याशी एक, असे दोन हूक असतात. वरचा छातीवरच्या कडीत, खालचा कमरेच्या कडीत. हूक सिलिंडरला दोरीने बांधतात, धातूने जखडत नाहीत. हूक अडकला तर दोर सुरीने कापता येतो. नळी रबराच्या पट्ट्याखाली दुमडलेली असते. आणि सिलिंडरवर, शेजारच्या सोबत्याला वाचता येईल अशा ठळक अक्षरात खोलीची मर्यादा लिहिलेली असते. शुद्ध ऑक्सिजनवर ६. रुग्णालयात भूल देण्याच्या यंत्राला ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर बसतच नाही, खिळ्यांची रचनाच वेगळी असते. समुद्रात अंधारात तोंडात धरायच्या नळ्या मात्र सारख्याच लागतात. तिथे तो आकडा आणि सोबत्याची नजर एवढाच पहारा असतो. या पहाऱ्यात हयगय झाल्याने चांगले कसलेले डायव्हरही प्राणाला मुकले आहेत.

१९५७ मध्ये हाल्डेन पत्नीसह भारतात आले. आधी कलकत्त्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, मग भुवनेश्वर. १९६१ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. ते धोतर-कुर्ता घालत आणि इथल्या तरुण संशोधकांना परदेशी यंत्रांची वाट न पाहता डोळे उघडे ठेवून मोजमाप करायला शिकवत. गुदाशयाच्या कर्करोगाने त्यांना गाठले, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर लंडनच्या रुग्णालयात त्यांनी त्यावर एक विनोदी कविता लिहिली. शौचातून रक्त गेले तर लाजून मूळव्याध समजत बसू नका, वेळीच तपासून घ्या, असा तिचा रोख होता. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. इच्छापत्रानुसार त्यांचा देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी काकीनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.