पांडुरंग सदाशिव खानखोजे : मेक्सिको देशी घर करून राहिलेले वर्ध्याचे गृहस्थ

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातील उपदेशकांनी आम्हांस पत्र लिहून विचारिले की, त्यांच्या मंडळीतील एक शेतकऱ्याचा मुलगा समुद्रापलीकडे कायमचा राहावयास जाऊ पाहतो. घरची माणसे रडतात, मुलगा ऐकत नाही. तर त्यास काय सांगावे? आम्ही वडाळ्यास राहतो. ह्या वस्तीत घर सोडून आलेल्या माणसांची वाण नाही. १९१५ साली बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत पोर्ट ट्रस्टची रेल्वे सुरू झाली आणि दूरदेशीचा माल गलबतांतून उतरून ह्या बाजूने देशभर जाऊ लागला; त्याच काळी कोकणातून व देशावरून माणसेही इकडे येऊन राहिली. तथापि मुंबईस येणे निराळे आणि पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस जाऊन घर मांडणे निराळे. त्या दुसऱ्या प्रकारचा एक मनुष्य आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. त्याचे चरित्र आम्ही उपदेशकांस लिहून पाठविले, तेच येथे देतो.

पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांचा जन्म १८८४ साली वर्धा येथे झाला. वडील अर्जनवीस होते. म्हणजे कोर्टकचेरीत लोकांचे अर्ज लिहून द्यावे आणि त्यावर संसार चालवावा. मुलाचे आरंभीचे शिक्षण वर्ध्यास व पुढील नागपुरास झाले. त्यांच्या बाळपणी मध्यप्रांतावर १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन घोर दुष्काळ आले. आमच्या जुन्या वाचकांस ह्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही, कारण पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई ह्याच मुलखात जाऊन निराश्रित मुली केडगावास घेऊन आल्या, आणि आपल्या कित्येक मंडळ्यांतील आजी-पणजींची कथा तेथूनच सुरू होते. धान्य असूनही माणसे मरतात आणि धान्य नसल्यानेही मरतात, हे त्या काळच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले. खानखोजे पुढे सारा जन्म धान्यामागे लागले.

परंतु आरंभी त्यांच्या मनात शेती नव्हती, बंड होते. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण १९०६ च्या सुमारास देश सोडून निघाला तो जपानला गेला आणि तेथून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. कॅलिफोर्नियात त्यांनी माउंट तामलपाइस येथील लष्करी शाळेत शिक्षण घेतले आणि त्याबरोबर शेतकीशास्त्राचाही अभ्यास केला. इंग्रजी राज्य उलथावे म्हणून तेथील पंजाबी मजूर व विद्यार्थी ह्यांनी १९१३ साली जी संस्था उभारिली, जिला पुढे गदर पक्ष हे नाव पडले, तिच्या स्थापनेत खानखोजे होते. पहिल्या महायुद्धात ते बर्लिनवाल्या मंडळींशी जोडले जाऊन इराणात गेले, तेथील टोळ्यांबरोबर इंग्रजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. युद्ध संपल्यावर युरोप आणि १९२१ साली रशिया असा त्यांचा प्रवास झाला. शस्त्राच्या मार्गाविषयी आमचे मत निराळे आहे व ते वाचकांस ठाऊक आहे. म्हणून ह्या भागावर आम्ही अधिक लिहीत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, चाळिशीच्या दारी आलेल्या ह्या गृहस्थांजवळ घर नव्हते, पैसा नव्हता, ठरावीक धंदा नव्हता, आणि इंग्रजांच्या यादीत नाव असल्यामुळे मायभूमीत उघड्या माथ्याने पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. होते ते एकच, शेतकीचे ज्ञान.

१९२४ साली ते मेक्सिको देशी उतरले.

नकाशा पाहिला तर हा देश उत्तर अमेरिकेच्या पायथ्याशी दिसतो. परंतु तेथील भाषा, चालीरीती व इतिहास दक्षिण अमेरिकेतील बहुतेक देशांशी जुळणारा आहे. १५२१ साली स्पेनच्या लोकांनी तेथील मूळ राजधानी जिंकली आणि पुढे तीनशे वर्षे राज्य केले. त्यामुळे सरकारी बोली स्पॅनिश. खेड्यापाड्यांत मात्र मूळच्या लोकांच्या भाषा आजही चालतात. खानखोजे गेले तेव्हा त्या देशात दहा वर्षांची मोठी राज्यक्रांती नुकतीच शमली होती. शेकडो वर्षे जमीन मोठमोठ्या जमीनदारांच्या हाती आणि नांगर भूमिहीनांच्या हाती, अशी तेथील स्थिती होती. १९१७ च्या नव्या घटनेने त्या जमिनी गावोगावच्या कुळांस वाटून देण्याचा मार्ग उघडला. पण जमीन मिळाली म्हणजे पीक आले असे होत नाही, हे आमच्या शेतकरी वाचकांस कोणी सांगावयास नको. बी हवे, ज्ञान हवे, आणि शिकविणारा मनुष्य हवा. त्या काळच्या सरकारातील रामोन दे नेग्री ह्यांच्याशी ओळख झाली आणि खानखोज्यांस चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली.

चापिंगो हे ठिकाण मेक्सिको शहराच्या पूर्वेस तेश्कोको गावाजवळ, समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. पूर्वी ती एका जमीनदाराची वाडी होती. जेथे मजूर मान खाली घालून राबले, त्याच वाड्यात शेतकऱ्यांची मुले शेतकी शिकू लागली. तेथे शिकवावयाचे म्हणजे स्पॅनिशातून शिकवावयाचे. वर्ध्याच्या शाळेत मराठी बाराखडी गिरविलेल्या आणि परदेशी इंग्रजीवर भागविलेल्या मनुष्याने चाळिसाव्या वर्षी आणखी एक भाषा अंगीकारिली, तीत व्याख्याने दिली आणि पुढे तीतच लिहिले. परक्या देशी घर करणाऱ्यास ही पहिली पायरी टळत नाही. पुष्कळ जण तिच्यावरच बसून राहतात.

दुसरी पायरी ताटाची. पण येथे त्यांस फार परके वाटले नसावे असे आम्हांस वाटते. मेक्सिकोच्या गरीब घरी मका हेच अन्न. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवितात, मग सालपट काढून धुतात, दगडी पाट्यावर वाटतात आणि त्या पिठाच्या पातळ भाकऱ्या हातांनी थापून तापल्या तव्यावर भाजितात. जोडीला घेवड्याच्या जातीचे कडधान्य आणि मिरची. ज्याने ज्वारीची भाकरी, वरण आणि ठेचा खाल्ला आहे त्यास हे ताट ओळखीचे वाटणारच. आणि खरे सांगावयाचे तर मिरची व मका आपल्याकडे तिकडूनच आले. आपण दसऱ्यास दाराला बांधितो तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. पोर्तुगीज गलबतांनी ही बियाणी पश्चिम किनाऱ्यावर उतरविली आणि चारशे वर्षांत ती इतकी आपली झाली की ती परदेशची आहेत हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

आता त्यांच्या कामाविषयी. मक्याचे झाड आपण सर्वांनी पाहिले आहे, पण त्याची रचना थोड्यांनी निरखिली असेल. शेंड्यास तुरा येतो तो नर. खाली पानाच्या बगलेत कणीस येते ती मादी. कणसाच्या टोकाशी जे रेशमासारखे केस लोंबतात, त्यांतील एकेक केस आतल्या एकेका दाण्याच्या जागेशी जोडलेला असतो. तुऱ्याची धूळ वाऱ्याने उडून त्या केसावर पडली तरच तो दाणा भरतो. नाहीतर कणसात दात पडल्यासारखी फट राहते. आणि वारा काही बांध ओळखीत नाही. शेजाऱ्याच्या शेतातील हलक्या वाणाची धूळ तुमच्या उत्तम वाणावर पडते आणि पुढल्या वर्षीचे बी बिघडते. म्हणून सुधारलेले वाण काढणारास कणसावर व तुऱ्यावर कागदी पिशव्या बांधाव्या लागतात, निवडक झाडाची धूळ हाताने निवडक कणसावर झाडावी लागते, त्यावर खूण करून दाणे निराळे ठेवावे लागतात, आणि असे वर्षानुवर्षे करावे लागते. एका पिढीचा निकाल कळावयास एक हंगाम लागतो. पूर्वी गावोगाव पळत फिरलेल्या मनुष्याने हे काम पत्करिले, ह्याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. पळणाऱ्यास पेरता येत नाही. पेरावयाचे तर कापणीपर्यंत त्याच जागी राहिले पाहिजे, आणि पुढच्या पेरणीपर्यंतही.

मका, गहू, कडधान्ये आणि रबर ह्यांवर त्यांनी प्रयोग केले. थंडीचा कडाका व पाण्याची ओढ सोसतील असे वाण काढण्याकडे त्यांचे विशेष लक्ष होते. १९३० साली मक्याच्या नव्या वाणांवर त्यांची पुस्तिका निघाली. तिच्यासाठी छायाचित्रे काढिली ती टीना मोदोत्ती ह्या नामांकित इटालियन बाईंनी. त्या सालाच्या आरंभीच त्या बाईंस मेक्सिको सरकारने देशाबाहेर घालविले, म्हणजे जे घर खानखोज्यांस मिळाले तेच दुसऱ्या एका परदेशीयास गमवावे लागले. चापिंगोच्या ह्या हिंदी अध्यापकाचे पीक पाहून तेथील एका वृत्तपत्राने त्यांस जादूगार ठरविले होते. आमच्या मते कागदी पिशव्या बांधणे ह्यापलीकडे त्यात काही जादू नव्हती.

पण विद्यालयातील मुलांपुरते हे ज्ञान राहू नये ही त्यांची तळमळ होती. ज्यांस अक्षरओळख नाही, ज्यांस दिवसभर शेत सोडता येत नाही, अशा शेतकऱ्यांकरिता त्यांनी आपल्या मित्रांच्या साहाय्याने मोफत शेतकी शाळा काढिल्या. झाडाखाली वर्ग भरविणाऱ्या आमच्या उपदेशकांस हे चित्र सहज डोळ्यांपुढे येईल. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा ह्यांच्याशीही त्यांचा स्नेह होता. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतींवर रिवेरांनी जी मोठी चित्रे काढिली आहेत, त्यांत एके ठिकाणी गरीब लोक मेजाभोवती बसले आहेत आणि मेजाच्या शिरोभागी एक पुरुष सर्वांस भाकरी मोडून देत आहे. त्या पुरुषाचा चेहरा खानखोज्यांवरून घेतला असे सांगतात. वर्ध्याच्या अर्जनविसाचा मुलगा दूरदेशीच्या भिंतीवर यजमान होऊन बसला.

१९३६ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी जीन सिंदिक नावाच्या बेल्जियन बाईंशी विवाह केला. नवरा महाराष्ट्रातला, बायको बेल्जमची, संसार मेक्सिकोत. त्यांस दोन कन्या झाल्या. त्यांची नावे ठेविली सावित्री आणि माया. दूर गेलेला मनुष्य काय काय सोडतो आणि काय सोडीत नाही, हे मुलांच्या नावांवरून कळते. ह्या थोरल्या सावित्रीबाईंनीच पुढे पित्याचे चरित्र इंग्रजीत लिहिले.

आता ह्या कथेचा जड भाग. वर्धा-नागपूरची त्यांची ओढ कधी गेली नाही. दूरदेशीचा मनुष्य आज घरी येऊन आईच्या हातचे जेवून जातो. खानखोज्यांस चाळीस वर्षे ते साधले नाही. इंग्रज सरकारची बंदी आड होती. १९४७ साली ते सरकार गेले, पण कागदावरची नावे राज्याबरोबर जात नाहीत. ज्या देशाच्या स्वातंत्र्याकरिता ते हद्दपारासारखे जगले, त्याच स्वतंत्र देशात येण्याच्या परवान्यास आरंभी नकार मिळाला, तो जुन्या यादीमुळे. खटपट केल्यावर अडथळा दूर झाला. १९४९ साली शेतीसुधारणेच्या कामासाठी ते मध्यप्रांतात आले. शेवटी १९५५ साली कुटुंबासह नागपुरास कायमचे राहावयास आले.

परत येणे हे जाण्याहून सोपे असते, असा पुष्कळांचा समज आहे. आम्हांस तसे वाटत नाही. सोडून गेला तेव्हा वीस-बावीस वर्षांचा तरुण होता. परतला तो सत्तरीचा वृद्ध, बरोबर परदेशी पत्नी आणि परक्या मातीत वाढलेल्या मुली. त्याचे सोबती बहुतेक गेलेले, आणि ज्यांच्यासाठी त्याने जीव धोक्यात घातला त्यांतील बहुतेकांस त्याचे नावही ठाऊक नाही. मेक्सिकोत त्यास सर्व ओळखत असत. नागपुरास ओळख सांगावी लागे. आणि जीनबाईंना तर वयाच्या मध्यावर तिसऱ्या देशी पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागला, त्यांच्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही. जो तरुण जाऊ पाहतो त्याने आपल्याबरोबर कोणास हा प्रवास करावा लागेल, ह्याचाही हिशेब करून ठेवावा, असे आम्ही त्या उपदेशकांस कळविले आहे. जाऊ नको असे मात्र कळविले नाही.

खानखोज्यांचा देह २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरास पडला. त्याच्या आदल्या वर्षी हिंदुस्थान सरकारने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बी विकत आणिले होते. ते वाण तयार करण्याचे श्रेय नॉर्मन बोरलॉग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांचे व त्यांच्या सोबत्यांचे. त्यांनी १९४४ पासून त्या देशात गव्हावर काम केले. त्या जानेवारीत, खानखोजे गेले तेव्हा, त्या बियांचा हिरवा गहू उत्तर हिंदुस्थानच्या शेतांत उभा होता. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसविण्यात आला आणि भारताच्या लोकसभेचे सभापती त्याच्या अनावरणास गेले होते.