लुइगी गॅल्व्हानी : चेतातंतूंतील विजेचा शोध

अठराव्या शतकातील युरोपात घर्षणाने वीज निर्माण करणारी यंत्रे आणि ती साठवणाऱ्या ‘लेडन बरण्या’ श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत करमणुकीसाठीही वापरल्या जात. या साधनांना चेतासंस्थेच्या अभ्यासात स्थान मिळवून देण्याचे मोठे श्रेय इटलीतील लुइगी गॅल्व्हानी यांना जाते.

गॅल्व्हानी यांचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजी बोलोन्या येथे झाला. तेथील विद्यापीठातून १७५९ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. पुढे ते शरीररचनाशास्त्र आणि प्रसूतिशास्त्र शिकवू लागले. त्यांची प्रयोगशाळा घरातच होती आणि पत्नी लुचिया त्यांना प्रयोगांत मदत करीत असे.

१७८० च्या सुमारास तेथे बेडकाच्या पायांवर काम सुरू होते. उघड्या केलेल्या चेतातंतूला सुरीचे टोक लागलेले असताना दूरच्या विद्युतयंत्रातून ठिणगी उडाली आणि मेलेल्या बेडकाचा पाय जोराने आखडला. यंत्र आणि पाय यांना जोडणारी तार नव्हती. गॅल्व्हानी यांनी अनेक वर्षे हा प्रयोग निरनिराळ्या प्रकारे करून पाहिला. १७८६ मध्ये त्यांना आढळले, की पितळी आकड्याला टांगलेला बेडूक लोखंडी कठड्याला टेकला, की वादळ किंवा यंत्र नसतानाही पाय हलतो. प्राण्याच्या शरीरातच वीज असते, असा निष्कर्ष त्यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केला.

पाव्हिया येथील अलेस्सांद्रो व्होल्टा यांना हे पुढे पटेनासे झाले. वीज दोन भिन्न धातूंच्या स्पर्शातून येते आणि बेडकाचा पाय ती केवळ दाखवतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर गॅल्व्हानी यांनी धातू पूर्णपणे वगळले. १७९७ मध्ये त्यांनी एका पायाचा चेतातंतू दुसऱ्या पायाच्या चेतातंतूला टेकवला, तरीही स्नायू आकुंचन पावले.

हा वाद सुरू असतानाच उत्तर इटलीत नेपोलियनच्या आधिपत्याखालील नवे प्रजासत्ताक आले. प्राध्यापकांना त्याच्याशी निष्ठेची शपथ सक्तीची झाली. धार्मिक वृत्तीच्या गॅल्व्हानी यांना ती सदसद्विवेकबुद्धीला मान्य नव्हती. १७९८ मध्ये त्यांनी नकार दिला आणि पद व उत्पन्न गमावले. लुचिया आधीच निवर्तली होती. ४ डिसेंबर १७९८ रोजी बोलोन्यातच त्यांचे निधन झाले. व्होल्टा यांनी विद्युतघट जाहीर केला तो १८०० मध्ये. त्याच्या झळाळीत गॅल्व्हानी यांचा विचार काही दशके मागे पडला.

प्रत्यक्षात दोघांचेही म्हणणे काही अंशी बरोबर होते. कठड्यावरील प्रयोगात उद्दीपन धातूंमुळे मिळत होते. पण त्याला प्रतिसाद देणारी विद्युतक्रिया चेतातंतूची स्वतःची होती. १८४० च्या दशकात बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी संवेदनशील गॅल्व्हानोमापीने ती मोजली. उद्दीपनासाठी त्यांनी सरकत्या वेटोळ्यांचे यंत्र तयार केले. वेटोळी जवळ आणली, की झटका वाढे. दूर नेली, की कमी होई.

आजच्या इलेक्ट्रॉनिक उद्दीपकात स्पंदाची तीव्रता, कालावधी आणि वारंवारता स्वतंत्रपणे ठरवता येते. उद्दीपनाचा प्रवाह नोंदीत मिसळू नये म्हणून तो विलग मंडलातून देतात. बाहेरून दिलेली वीज कोणती आणि चेतातंतूने निर्माण केलेली कोणती, हे वेगळे ओळखण्याची गरज प्रयोगशाळेत आजही असते. गॅल्व्हानी आणि व्होल्टा यांच्या वादाचे मूळही तेच होते.