घोड्याचे चार पाय

शर्यतीतल्या घोड्यांचे मी काढलेले सारे फोटो धूसर आले, तेव्हा एडवर्ड मायब्रिजच्या चरित्राने मला धीर दिला. १८३० साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा छायाचित्रकार अमेरिकेत स्थिरावला. धावत्या घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात का, हा लेलँड स्टॅनफर्डचा प्रश्न त्याने हाती घेतला. १८७२ मधले त्याचे पहिले फोटोही अस्पष्टच होते. जून १८७८ मध्ये पालो अल्टोला त्याने ओळीने १२ कॅमेरे मांडले. धावत्या घोडीच्या पायांनी आडवे दोरे तुटत आणि झडपा उघडत. पाय सुटतात, पण पोटाखाली जुळलेले असताना, हे सिद्ध झाले; चित्रकार मात्र ते फाकलेलेच रंगवीत आले होते. १९०४ साली तो वारला. घोड्यामागे धावण्यापेक्षा आधीच सज्ज राहावे, हे मी त्याच्यापासून शिकलो.