विश्लेषण : अटलांटिकआधी लिंडबर्ग काय करत होते?

चार्ल्स लिंडबर्ग यांनी मे १९२७ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर एकट्याने, कुठेही न थांबता साडेतेहतीस तासांत पार केले. तोपर्यंत ते टपालाच्या पिशव्या वाहत होते.

१९२२ मध्ये विद्यापीठ सोडून ते नेब्रास्कातील उड्डाणशाळेत दाखल झाले. आठेक तास शिकले, पण एकट्याने विमान उडवण्यासाठी अनामत रक्कम हवी होती. ती त्यांच्याकडे नव्हती. मग गावोगावच्या हवाई कसरतींत विमानाच्या पंखांवर चालणे आणि पॅराशूटने उड्या मारणे सुरू झाले. १९२३ मध्ये लष्कराचे जुने ‘जेनी’ विमान ५०० डॉलरना घेतले, तेव्हा कुठे ते एकटे उडाले. प्रवाशांना फेऱ्या मारून आणल्या की पेट्रोलचा खर्च निघे, तासही जमत. पुढे लष्करी प्रशिक्षणात १०४ पैकी १८ जण टिकले. त्यांत ते पहिले आले.

एप्रिल १९२६ मध्ये सेंट लुइस-शिकागो टपालसेवा सुरू झाली आणि लिंडबर्ग तिचे मुख्य वैमानिक झाले. विमानात रेडिओ नव्हता. सप्टेंबरच्या एका रात्री धुक्यात इंधन संपले. इंधनाची टाकी बदलून लहान बसवली होती, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते! त्यांनी उडी मारली; तेवढ्यात इंजिन पुन्हा चालू झाले आणि रिकामे विमान त्यांच्याभोवतीच घिरट्या घालू लागले. नोव्हेंबरमध्ये पुन्हा उडी मारावी लागली. दोन्ही वेळा त्यांनी टपाल शोधून पुढे रवाना केले.

पॅरिसचा विचार त्यांच्या मनात आला तो याच मार्गावर, रात्रीच्या एका फेरीत. उड्डाणाचा खर्च सेंट लुइसच्या व्यापाऱ्यांनी उचलला.