घड्याळाकडे कान लावणारी संत

प्रार्थनेला बसलो की आपले मन कुठे कुठे भटकते! बोटे जपमाळेचे मणी सरकवीत असतात आणि मन मात्र बाजारात, नाहीतर शेजाऱ्याच्या ओट्यावर. मग आपण स्वतःशीच म्हणतो, प्रार्थना हे संतांचे काम, आपल्याला ते जमायचे नाही. अशा वेळी १५ ऑक्टोबरला जिचा सण आपण साजरा करतो, त्या आविलाच्या संत तेरेजाची आठवण करावी.

तेरेजाचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी स्पेनमध्ये झाला. लहान वयातच तिचे मातृछत्र हरपले. १५३५ साली ती आविला शहरातील कार्मेल मठात दाखल झाली. पुढे ती इतकी आजारी पडली, की चार दिवस शुद्धीवर नव्हती. तिच्यासाठी कबरही खणून ठेवली होती. ती वाचली, पण सुमारे तीन वर्षे अंग लुळे राहिले.

बरी झाल्यावर मठाच्या भेटीच्या खोलीत तिच्याभोवती माणसे जमू लागली. तिचे बोलणे गोड, त्यामुळे गप्पांत वेळ जाऊ लागला. एकांतात प्रभूसमोर बसण्याची तिला लाज वाटू लागली. शेवटी तिने ती प्रार्थना सोडलीच. सर्वांबरोबर म्हणायच्या प्रार्थना तेवढ्या चालू होत्या. आपण अपात्र आहोत, तेव्हा दूर राहणे हीच नम्रता, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

तिच्या वडिलांना मात्र मनन-प्रार्थनेची गोडी तिनेच लावली होती. भेटीला आले की ते त्याविषयीच बोलत. आपली लेकही तशीच प्रार्थना करते, हा त्यांचा समज तिला टोचू लागला. आपण प्रार्थना सोडल्याचे तिने त्यांना सांगितले खरे, पण कारण दिले आजारपणाचे. भोळ्या बापाने ते मानले.

१५४३ साली वडील वारले. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात तिने त्यांची सेवा केली. त्यानंतर वडिलांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या डॉमिनिकन धर्मगुरूंजवळ तिने मन मोकळे केले आणि त्यांच्या सांगण्यावरून ती पुन्हा प्रार्थनेला बसू लागली. मग मात्र तिने प्रार्थना कधीच सोडली नाही.

म्हणजे सारे सोपे झाले का? मुळीच नाही. पुढेही कित्येक वर्षे, प्रार्थनेचा तास केव्हा संपतो म्हणून तिचे कान घड्याळाच्या ठोक्याकडे असत. हाताशी पुस्तक असल्याशिवाय बसण्याचा तिला धीर होत नसे. हे सारे तिनेच आपल्या आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. १५५४ साली जखमांनी भरलेल्या ख्रिस्ताची प्रतिमा पाहून ती ढसाढसा रडली आणि तिचे जीवन पालटले. १५६२ साली तिने संत योसेफाच्या नावाने लहानसा मठ उभारला. तेथे मौनाला मोठा मान होता.

१५८२ साली ती प्रभूघरी गेली. १६२२ साली, आपल्या गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरबरोबरच, तिला संतपद मिळाले. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्या घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

प्रभूला आपले सुंदर शब्द नकोत, खरे मन हवे. या आठवड्यात रोज दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून आपण गप्प बसू या. मन भटकले तर तेही त्याला सांगू या. कंटाळा आला तर तोही सांगू या. पण लाजून उठून जाऊ नये.