यल्लाप्रगडा सुब्बाराव

यल्लाप्रगडा सुब्बाराव (१२ जानेवारी १८९५ – ऑगस्ट १९४८) हे भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होते. सजीवांच्या पेशीत ऊर्जा कोणत्या स्वरूपात साठवली व वापरली जाते, हे उलगडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते. फॉलिक आम्ल, कर्करोगावरील औषधे आणि हत्तीरोगावरील औषध यांच्या संशोधनातही त्यांचा मोठा वाटा होता.

प्रारंभिक जीवन

सुब्बाराव यांचा जन्म तत्कालीन मद्रास इलाख्यातील भीमवरम (सध्याचे आंध्र प्रदेश राज्य) येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पुढे त्यांनी मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. गांधीजींच्या आवाहनानुसार ते खादीचा शस्त्रक्रिया-अंगरखा वापरू लागले. त्यामुळे शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांची त्यांच्यावर खप्पा मर्जी झाली आणि त्यांना एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही दुय्यम पदवी मिळाली. तरुणपणी त्यांना स्प्रू हा आतड्यांचा विकार जडला. त्यांच्या भावाला तो जीवघेणा ठरला होता. आयुर्वेदिक उपचारानंतर ते बरे झाले. काही काळ त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवले.

पेशीतील ऊर्जेचा शोध

१९२०च्या दशकाच्या आरंभी, सासरच्या मंडळींच्या आर्थिक साहाय्याने ते अमेरिकेतील बोस्टन येथे गेले. तेथे उदरनिर्वाहासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामेही केली. हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी १९२५ मध्ये फॉस्फरसचे प्रमाण मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत फॉस्फेटची मॉलिब्डेटशी अभिक्रिया घडवून निळा रंग आणतात आणि त्या रंगाच्या गडदपणावरून फॉस्फेटचे प्रमाण ठरवतात. फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने ती जगभर रूढ झाली.

या मोजणीतूनच पुढील शोध लागले. स्नायूंच्या आकुंचनाची ऊर्जा ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल तयार होण्यातून मिळते, असे तेव्हा मानले जाई. फिस्के आणि सुब्बाराव यांना १९२७ मध्ये स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन हे संयुग आढळले. स्नायू काम करताना ते घटते आणि विश्रांतीत पुन्हा तयार होते. १९२९ मध्ये त्यांनी अ‍ॅडेनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे हा शोध लावला. अ‍ॅडेनीन, रायबोज शर्करा आणि तीन फॉस्फेट गट मिळून एटीपीचा रेणू बनतो. त्यातील शेवटचा फॉस्फेट गट पाण्याशी अभिक्रिया होऊन अलग झाला की मुक्त होणारी ऊर्जा पेशी वापरते. म्हणूनच एटीपीला पेशीचे ऊर्जाचलन म्हणतात.

सुब्बाराव यांना १९३० मध्ये पीएच.डी. मिळाली, मात्र हार्वर्डमध्ये कायमचे प्राध्यापकपद मिळाले नाही.

लेडर्ली येथील कार्य

१९४० मध्ये ते लेडर्ली प्रयोगशाळेत रुजू झाले व पुढे तेथील संशोधन संचालक झाले. त्यांच्या चमूने १९४५ मध्ये फॉलिक आम्लाचे संश्लेषण जाहीर केले. पेशीविभाजनापूर्वी नवे डीएनए तयार होण्यास हे जीवनसत्त्व आवश्यक असते. स्प्रूमुळे होणाऱ्या रक्तक्षयावर ते गुणकारी ठरले. या आम्लाशी साधर्म्य असलेले, पण त्याचे कार्य रोखणारे अ‍ॅमिनोप्टेरिन त्याच चमूने तयार केले. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांवर ते वापरले. त्यांपैकी १० मुलांना तात्पुरता आराम पडला. याच गटातील मेथोट्रेक्झेट आजही वापरात आहे. हत्तीरोगावरील डायएथिलकार्बामाझिन (डीईसी) हे औषधही याच प्रयोगशाळेत विकसित झाले. भारताच्या हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत त्याच्या गोळ्या दिल्या जातात.

मृत्यू आणि सन्मान

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. अमेरिकेला गेल्यानंतर ते मायदेशी परतू शकले नाहीत. पत्नी शेषगिरी यांची पुन्हा भेट झाली नाही. प्रसिद्धीपासून ते दूर राहत असल्याने हयातीत त्यांचे नाव फारसे सर्वतोमुखी झाले नाही. बुरशीच्या एका प्रजातीला त्यांच्यावरून सुब्बारोमायसिस हे नाव देण्यात आले. जन्मशताब्दीनिमित्त १९९५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.