टेबलांचे जनक एडगर कॉड
प्रोग्रॅममधून सिलेक्ट क्वेरी मारली की टेबल समोर हजर! डेटा डिस्कवर कुठे पडलाय, हे आपण विचारतही नाही. ही चैन कॉडसाहेबांमुळे. जन्म 1923, इंग्लंड. महायुद्धात वैमानिक, मग आयबीएममध्ये. तेव्हा प्रोग्रॅमरलाच पॉइंटर धरून रेकॉर्डपर्यंत वाट काढावी लागे. 1970 च्या पेपरमध्ये साहेबांनी गणितातले रिलेशन पुढे आणले : डेटा कसा साठवलाय, हे प्रोग्रॅमला कळायची गरजच नको. पण आयबीएमचे आयएमएस जोरात खपत होते, मग घाई कोणाला? ओरॅकलने 1979 मध्ये बाजी मारली, आयबीएमचे एसक्यूएल 1981 ला आले. त्याच वर्षी कॉडना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे एसक्यूएलवर साहेब नाराजच! टेबलात डुप्लिकेट ओळी चालतातच कशा, हा राग. 2003 मध्ये ते गेले. आपण अजून डिस्टिंक्ट लिहितोय.